व्हर्नेलची ताजी कालवं

आमच्या व्हर्नेल गावच्या पांढऱ्या वाईनबरोबर काय खावे, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या कोणाला पडला नव्हता. द्राक्षे टेकडीवर पिकतात, शेळ्या पायथ्याशी चरतात, म्हणून वाईनबरोबर शेळीचे चीज खाल्ले जाई. इतक्या सोप्या गोष्टीत गावाची अप्रतिष्ठा आहे, हे प्रथम वाईन-बंधुमंडळाच्या ध्यानात आले.

बंधुमंडळ म्हणजे हिरवे मखमली झगे, गळ्यात पदके आणि सगळ्यांच्या वर महागुरू एव्रारसाहेब, निवृत्त औषधविक्रेते. ते पॅरिसला जाऊन आले. तिथल्या बड्या हॉटेलात ही वाईन समुद्री शिंपल्यातल्या कच्च्या कालवांबरोबर देतात, हे त्यांनी स्वतः खिडकीतून पाहिले होते. येताच ठराव झाला की चीज हे गुराख्यांचे खाणे असून यापुढे आपल्या वाईनला कालवेच शोभतील. समुद्र गावापासून बराच लांब आहे, ही बाब किरकोळ असल्याने चर्चेला घेतली नाही.

मेजवान्या ऑर्तांसबाईंच्या खाणावळीत होत. अंगणातल्या शेळ्यांचे चीज त्या आईने शिकवले तसेच करीत. दारावर मंडळाच्या पसंतीची पितळी पाटी होती आणि ती पाहूनच पर्यटकांच्या बस थांबत. पाटी गेली तर खाणावळ बंद आणि शेळ्या कसायाकडे, हे बाई ओळखून होत्या. त्यांनी एवढेच सुचवून पाहिले की जूनच्या उन्हात कालवं टिकायची नाहीत.

“टिकणं ही त्यांची जबाबदारी, बाई,” महागुरू म्हणाले. “आपण ठराव केलाय.”

कालवे आली, खाल्ली गेली आणि सकाळपर्यंत अर्धे मंडळ आडवे झाले. रीतसर चौकशी बसली. वाईन गावची, म्हणून निर्दोष. कालवे ठरावातली, म्हणून तीही निर्दोष. उरली पोटे. गावकऱ्यांची पोटे हलक्या प्रतीची असल्याचा निष्कर्ष निघाला आणि रविवारी चर्च सुटल्यावर पोटांना वळण लावण्याचे वर्ग सुरू झाले. त्यासाठी लागणारे पाचक चूर्ण महागुरूंच्या जावयाच्या दुकानातून घ्यायचे होते.

सुगीच्या मेजवानीला शेतकऱ्यांनी कुठल्याशा भाववाढीसाठी ट्रॅक्टर आडवे लावले आणि कालवांची गाडी हमरस्त्यावरच अडकली. पाटी डोळ्यांपुढे नाचू लागली तशी ऑर्तांसबाईंनी जुने शिंपले घासले, त्यांत ताजे चीज मीठ घालून भरले आणि ताटे बाहेर पाठवली.

महागुरूंनी शिंपला तोंडाला लावला, घोट घेतला, डोळे मिटले. “समुद्र,” ते म्हणाले. मग सगळ्यांनाच समुद्र लागला. एकाला लाटा ऐकू आल्या, तर नगराध्यक्षांनी पाय भिजले म्हणून पँट वर दुमडली.

पाटी वाचली होती. बाईंनी गप्प बसायला हवे होते. पण आईच्या चीजची इतकी तारीफ त्यांनी जन्मात ऐकली नव्हती, आणि ती दुसऱ्याच्या नावावर चाललेली त्यांना बघवेना.

“साहेब, ते चीज आहे. आमच्या मिनेत नावाच्या शेळीच्या दुधाचं. माझ्या आईची रीत आहे ती.”

महागुरूंनी शांतपणे तोंड पुसले. “बाई, एवढ्या मंडळाला समुद्र लागला, तो खोटा? पाटी हवीय ना तुम्हाला?”

बाईंनी मान खाली घातली. जागच्या जागी ठराव झाला की मिनेत शेळी हा समुद्री जीव आहे. तेव्हापासून तिच्या पाण्यात मीठ घालतात आणि शुक्रवारी, मांस वर्ज्य असते पण मासे चालतात त्या दिवशी, तिला कापायलाही धर्माची आडकाठी नाही. पाटीखाली दुसरी पाटी लागली: ‘येथे ताजी कालवं मिळतील’. खाणावळीत चीज हा शब्द काढायला बंदी आहे. ऑर्तांसबाई चरवी घेऊन गोठ्याकडे निघाल्या आणि कोणी विचारले, की सांगतात, “कालवं काढायला चाललेय.” सांगताना त्या हसत नाहीत.

तुम्ही मात्र हसताय. हसा. एकदा बसने व्हर्नेलला या. तुम्हीही शिंपला तोंडाला लावाल, घोट घ्याल, आणि चव काय लागली ते बोलण्याआधी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघाल. तो तुमच्याकडेच बघत असेल.