भागाबायने मनीला हात लावला

बिरवाडीत मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो, त्या भागाबाय माणसाचं आधी पोट बघत, मग तोंड. मी सामान घेऊन दारात उभा राहिलो, तेव्हा माझं पोट निरखून म्हणाल्या, "वायू हाय. ओवा खा." राम राम त्यानंतर!

भागाबाय जुन्या सुईण. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. पण आता बायका बाळंतपणाला महाडच्या दवाखान्यात जात, आणि भागाबायना कोणी बोलावीना. "मी हात लावून सांगते, कागद बघून नाय!" असं त्या येताजाता सुनवायच्या. एका नव्या सुनेला दिवस गेल्याचं त्यांनी तिच्या नवऱ्याला कळायच्या आधी विहिरीवर जाहीर केलं होतं. तेव्हापासून गावच्या सुना त्यांच्या दारावरून कळशी पोटाशी धरून जात.

माझं वैर होतं ते मनीशी. ही मांजर खोलीबरोबरच माझ्या गळ्यात पडली होती. माझी महिन्याची सुकट तिने फस्त केली. मग एकाएकी सुकटीला तोंड लावीना, दिवसभर पायांत घोटाळू लागली आणि एका सकाळी माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यावर ओकली. निव्वळ आकस, दुसरं काय! रविवारी तिला पिशवीत कोंबलं आणि वरंधच्या एस.टी.साठी थांब्यावर उभा राहिलो. घाटाखाली सोडून द्यायची, विषय संपला.

पण भागाबाय आडव्या आल्या. पिशवी हिसकावून भर रस्त्यात फतकल मारून बसल्या, मनीला मांडीवर उताणं केलं आणि पोटावरचे केस बाजूला सारले.

"हे बघ. थानं गुलाबी झालीत, फुगलीत. तीन आठवडं झालं. ओकली का नाय?"

"माझ्या सदऱ्यावर ओकली!"

"मग? दोन जिवांचीला गावाभायेर काढतोस? लाज नाय वाटत?"

"मावशी, पोट कुठे दिसतंय? सुकट खाऊन माजलीय ती!"

"पोट दिसल्यावर तर आंधळा पन सांगंल!"

थांब्यावरची माणसं फिदीफिदी हसत होती. एस.टी. आली, गेली. मी, सरकारी कारकून, मांजर काखेत मारून परत आलो. असा संताप झाला होता म्हणून सांगू!

पुढे दीड महिना माझा छळ झाला. भागाबाय रोज तपासणीला हजर. "पोटाला धरून उचलू नको." "दूध दे." "तुझी ट्रंक उघडी ठेव, ती जागा हुडकतेय." माझ्या लग्नाचा पत्ता नाही आणि मी मांजरीचे डोहाळे पुरवतोय!

शेवटी मनी ट्रंकेत माझ्या धुतलेल्या धोतरावर कण्हू लागली, आणि माझी पाचावर धारण बसली. मी ओरडत धावलो, "मावशी, चला लवकर!"

भागाबाय नवं लुगडं नेसून आल्या. कढत पाण्याने कोपरापर्यंत हात धुतले आणि ट्रंकेपाशी बसल्या. मनीने आपलं आपणच सगळं केलं. चार पिल्लं झाली. भागाबायनी फक्त तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

सुईणीला खण-नारळ देतात. मी थट्टेनेच घरातला नारळ पुढे केला. त्यांनी तो कपाळाला लावला.

"म्हमईला सुनेला पोरगा झाला," त्या म्हणाल्या. "मला कळलं तवा बारसं झालं व्हतं."

मी मनीपुढे दुधाची वाटी सरकवली.

"तू मातर धावत आलास रे," म्हणाल्या, आणि धुतलेले हात पुन्हा पदराला पुसू लागल्या.