लगबग्याचं दोन अक्षरी कोडं

एका जंगलात एक वाघ होता. पण तो कोडी सोडवत नसे, त्यामुळे आपल्या गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही. त्याला तिकडे झोपू द्या.

आपली गोष्ट आहे लगबग्या नावाच्या मुंगसाची. नीट बसा मुलांनो. ज्याला गोष्ट रंगात आली की तहान लागते, त्याने आत्ताच पाणी पिऊन यावं.

तर त्या जंगलात ओढ्याकाठी एक काळा कातळ होता. त्या कातळावर रोज उजाडताच कूटमंडळ भरायचं. मंडळाला घटना होती, कलमं होती, अध्यक्ष होते. नव्हतं ते फक्त दुसरं कामधाम. सभासद एकमेकांना गूढ कोडी घालायचे आणि सोडवायचे.

गूढ कोडं म्हणजे काय? सांगतो. त्याचे दोन तुकडे असतात. एका तुकड्यात अक्षरांची करामत, दुसऱ्यात उत्तराचा अर्थ. दोन्ही वाटांनी गेलं तरी एकच शब्द भेटला पाहिजे. उदाहरणार्थ, "रवा उलटा पडला, घाव बसला. दोन अक्षरी." रवा उलटा वाचा. वार! आणि वार म्हणजे घाव. झालं. यात एवढं नाचण्यासारखं काय आहे, असं तुमच्या मनात आलं असेल, तर तुम्ही अजून एकही कोडं स्वतः सोडवलेलं नाही.

लगबग्याने सोडवलेलं होतं. पहिलं कोडं सुटलं त्या दिवशी तो स्वतःभोवती इतके फेरे फिरला, की त्याच्या बायकोने, म्हणजे धीमीने, वैद्याला बोलावलं होतं. तेव्हापासून त्याला कातळाशिवाय चैन पडत नसे. खाताना कोडं, पिताना कोडं, साप समोर फणा काढून उभा असला तरी हा म्हणायचा, "थांब रे जरा, तुझी अक्षरं उलटी करून बघतो."

मंडळाचे दोन नियम फार कडक होते.

पहिला नियम असा, की उत्तर कधीही उघड बोलायचं नाही. बाकीच्यांची मजा जाते. ज्याला कोडं सुटेल त्याने कातळावर तीनदा शेपटी आपटायची आणि नुसतं म्हणायचं, "सुटलं!" फारच कोणी अडलं तर त्याला एखादा इशारा द्यायचा.

दुसरा नियम असा, की दव वाळायच्या आत ज्याची तीन कोडी सुटतील त्याची कातळावरची जागा गेली. इतकी सोपी कोडी घालणारा मंडळाला काय कामाचा?

आणि लगबग्याची दोन कोडी जळून गेली होती. पहिलं ते रव्याचं. ते तो खाली बसायच्या आत सुटलं. दुसरं होतं, "आवडत्याच्या पोटात झाड. दोन अक्षरी." ते तर अध्यक्षांच्या पाठीवर बसलेल्या गायबगळ्याने सोडवलं, आणि तो सभासदसुद्धा नव्हता. तो फक्त गोचिड्या खायला आला होता.

आता तिसरं. हेही दवाच्या आत सुटलं की कातळ संपला. कातळावरची ती वीतभर जागा गेली तर जगायचं कशासाठी, हे लगबग्याला खरोखरच कळत नव्हतं.

लगबग्याची कोडं रचायची एक पद्धत होती. करामतीचा तुकडा तो सागाच्या पानावर लिहायचा, अर्थाचा पळसाच्या पानावर, आणि दोन्ही पानं काट्याने टाचायचा. त्या दिवशी त्याने एक सोडून दोन कोडी रचली. ऐका हं.

"कमळाचं डोकं उडवलं, हाती घाण आली." कमळातला क गेला, उरला मळ.

"नदी उलटी वाहिली, गरीब झाली." नदी उलटी केली की दीन.

दोन्ही वाचून लगबग्या स्वतःवर असा खूश झाला, की त्याने तिथेच तीन गिरक्या घेतल्या. चारही पानं उडाली. तेवढ्यात कातळावरून मंडळाचा पुकारा झाला. लगबग्याने हाताला लागलं ते सागाचं पान घेतलं, हाताला लागलं ते पळसाचं घेतलं, काटा खुपसला आणि पळत सुटला.

कातळावर चढून त्याने धापा टाकत वाचलं, "नदी उलटी वाहिली, हाती घाण आली. दोन अक्षरी."

आणि डोळे मिटून घेतले. आता शेपट्या वाजणार!

शेपट्या वाजल्या नाहीत.

अध्यक्ष होते अण्णा गवे. नावाप्रमाणे गवाच. ते डोकं खाली घालून बसले. साळूबाई साळिंदर हवेत अक्षरं मांडून पुसू लागल्या. धनेशपंतांनी आपली भलीमोठी चोच डावीकडून उजवीकडे नेली आणि उजवीकडून डावीकडे आणली. दव वाळलं. ऊन कातळावर आलं. ऊन तापलं.

"दीन तर सरळच दिसतंय," साळूबाई पुटपुटल्या, "पण ते फसवं आहे. इतकं सरळ असेल होय?"

लगबग्याने एक डोळा उघडला. कोडं कोणालाच सुटत नव्हतं! त्याला गुदगुल्या व्हायला लागल्या.

शेवटी अण्णांना भूक लागली. अध्यक्षांना कोडं सुटलं नाही असं मंडळाच्या इतिहासात घडलेलं नव्हतं. आणि ते सोडवल्याशिवाय चरायला जाणं बरं दिसलं नसतं. अण्णांनी घसा खाकरला. मग तीनदा शेपटी आपटली.

"सुटलं!" अण्णा म्हणाले. "वा! काय रचना आहे!"

साळूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग घाईघाईने तीनदा काटे खुळखुळवले. "मलाही सुटलं बाई! अंगावर काटा आला."

"मला केव्हाच सुटलेलं," धनेशपंत म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला वेळ द्यावा."

मग सगळ्या कातळावर शेपट्यांचा असा दणदणाट झाला, की ओढ्यातले मासे पलीकडच्या काठाला गेले. लगबग्याच्या गळ्यात रानमोगऱ्याचा हार पडला. "शतकातलं कोडं" असा ठराव झाला. तो घरी गेला तो चालत नाही, उड्या मारत.

घरी अंगणात दोन पानं पडलेली होती. एकावर लिहिलं होतं, "कमळाचं डोकं उडवलं." दुसऱ्यावर, "गरीब झाली."

लगबग्याने ती वाचली. पुन्हा वाचली. आणि मटकन खाली बसला.

"अगं, घोटाळा झाला," तो म्हणाला. "एका कोड्याचं मुंडकं दुसऱ्याच्या धडाला टाचलं गेलं. त्या कोड्याला उत्तरच नाही!"

"मग त्यांना सुटलं ते काय?" धीमीने विचारलं.

लगबग्याने गळ्यातला हार काढून खाली ठेवला. त्याला हाराची लाज वाटायला लागली.

"अहो, उद्या जाऊन सांगून टाका सरळ," धीमी म्हणाली. "चूक झाली म्हणायचं. खातायत का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी दव ओलं असतानाच लगबग्या कातळावर उभा राहिला. त्याने दोन्ही पानं दाखवली, सगळं कबूल केलं आणि म्हणाला, "मंडळी, मला माफ करा. माझ्या कोड्याला उत्तर नाही."

"उत्तर नाही?" अण्णा सावकाश म्हणाले. "मला तर सुटलं."

"मला पण," साळूबाई म्हणाल्या.

"मला केव्हाच," धनेशपंत म्हणाले.

"पण अण्णा, मीच रचलंय ना ते!"

"रचणं वेगळं, सुटणं वेगळं. तू रचलंस हे मान्य. तुला सुटलेलं दिसत नाही."

लगबग्या रडकुंडीला आला. "मग तुम्हीच सांगा ना, काय उत्तर आहे?"

अरेरे, मुलांनो! हे त्याने विचारायला नको होतं. साळूबाईंनी कानांवर पंजे ठेवले. एका म्हाताऱ्या सांबराला भोवळ आली. कातळावर, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, उत्तर विचारलं!

अण्णांनी घटना मागवली. कलम सापडलं नाही, म्हणून तिथल्या तिथे नवीन केलं. ज्या सभासदाला स्वतःचं कोडं सुटत नाही, त्याची जागा रद्द. सुटेल त्या दिवशी परत यावं.

लगबग्या मान खाली घालून उतरायला लागला, तेव्हा मात्र सगळ्यांना त्याची दया आली. मंडळ कडक होतं, दुष्ट नव्हतं. जाता जाता त्यांनी त्याला इशारे दिले.

"नदी ही नदी नाहीच मुळी," अण्णा म्हणाले.

"घाणीकडे घाण म्हणून बघू नकोस," साळूबाई म्हणाल्या.

धनेशपंतांनी त्याला बाजूला घेतलं. "सगळं त्या स्वल्पविरामात आहे," ते कानात म्हणाले.

लगबग्या बिळात गेला आणि कोडं सोडवायला बसला. आपल्याच कोड्याची अक्षरं त्याने उलटी केली, सुलटी केली, पोटातून काढली, शेपटाकडून लावली. आधी त्याला खात्री होती की उत्तर नाही. दुपारी वाटलं, एवढे जाणते सांगतायत तर असेलही. संध्याकाळी स्वल्पविराम त्याला जरा संशयास्पद दिसायला लागला. आणि सारखा डोळ्यांसमोर येत होता तो कातळ, ते कोवळं ऊन, आणि आपल्या रिकाम्या जागेवर ऐसपैस बसलेला गायबगळा.

तिसऱ्या दिवशी उजाडलं. लगबग्या कातळापाशी गेला. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा गायबगळ्याकडे पाहिलं. मग शेपटी उचलली आणि आपटली. एकदा, दोनदा, तीनदा.

"सुटलं!" लगबग्या ओरडला.

कोणी काही विचारलं नाही. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. साळूबाईंनी त्याला जवळ घ्यायचा प्रयत्न केला, तो कसाबसा चुकवला. गायबगळ्याला उठवलं गेलं. लगबग्याला त्याची जागा मिळालीच, वर दगडाला टेकायलाही मिळालं. त्याला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की तो बसल्या जागी फिरायला लागला.

घरी आल्यावर धीमीने पाणी पुढे केलं.

"सुटलं म्हणे तुम्हाला?"

"सुटलं!"

"मग काय आलं उत्तर?"

लगबग्याने दचकून इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अगं, हळू! असं उघड विचारतं का कोणी?"

तात्पर्य : मुलांनो, खरं बोलायला कधीही घाबरू नये. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून ते मागे घ्यायची तयारी ठेवावी. हे तात्पर्य ज्यांना कळलं नसेल त्यांनी "कळलं" म्हणावं. आम्ही विचारणार नाही.