सगुणा सशिणीला ऐकू येऊ लागलं त्याची गोष्ट

एका जंगलात, आपल्याकडच्या नव्हे बरं का, पार डोंगरापलीकडच्या, एक वाघ होता आणि एक पंचायत होती. वाघ कधीमधी यायचा. पंचायत रोज भरायची.

वाघ दिसला की सागाच्या शेंड्यावरचा वानर खाकरायचा. ते खाकरणं कानावर पडलं की लहानमोठी सगळी जनावरं वाट फुटेल तिकडं पळायची. वानराला त्याचं कुणी काही देत नव्हतं. त्याचा तो स्वभावच होता.

त्याच जंगलात सगुणा नावाची सशीण राहायची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. समोरच्याच्या तोंडाकडं बघून बोलणं कळायचं तिला. पण बाळांनो, खाली मान घालून गवत खाताना सागाच्या शेंड्याकडं कोण बघतं?

तरी तिचं अडत नव्हतं. शेजारी भागा रानडुकरीण होती. तोंडानं फटकळ, मनानं निर्मळ. वानर खाकरला की भागा पळता पळता जमिनीवर दाणदाण पाय आपटायची. सगुणाच्या पायांना ते कळायचं. कळलं, की ती करवंदीच्या जाळीत. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मग काय झालं, एकदा भागा चिखलात लोळायला गेली आणि नेमका वाघ आला. सगुणा वाचली, पण पाठीवरची केसं गेली, थोडी कातडीही गेली. तिनं विचार केला, भागानं तरी कुठंकुठं पुरायचं? पंचायतीला सांगू. एकदा दवंडी पिटली की झालं. वानर खाकरला की सगुणाच्या जवळ जो असेल त्यानं पाय आपटावा. बाकी काही नको.

म्हणून ती पंचायतीत गेली.

तिथं ग्रामसेवक सायाळ बसला होता. त्याच्या अंगावर लेखण्याच लेखण्या, पण सही करायची वेळ आली की एकही चालायची नाही. त्यानं सगुणाला खालपासून वरपर्यंत बघितलं. वर कान होते. ते बघून तो जरा दुखावलाच. एवढे लांब कान असून हिला ऐकू येत नाही, मग आमच्यासारख्यानं काय करायचं, असं म्हणाला.

त्या पंचायतीत बहिरेपणा ठरवायची एक रीत होती. कानाला काडी लावायची. काडीपेक्षा कान आखूड भरला तर बहिरा. लांब भरला तर ऐकू येतं. सायाळानं काडी लावली. सगुणाचा कान काडीच्या पार वर गेला.

"भाऊसाहेब, कान आहेत हो," सगुणा म्हणाली. "त्यातून आत काही येत नाही."

"आतलं माप घ्यायची काडी आपल्याकडं नाही," सायाळ म्हणाला. "तालुक्याला आहे म्हणतात. अजून कुणी बघितली नाही."

तेवढ्यात दारावरून एक धामण चालली होती. तिचं पंचायतीत काही काम नव्हतं, ऊन होतं म्हणून सावलीला आली. सायाळानं तिलाही काडी लावली. कानच नाहीत. वर्ष संपत आलेलं आणि बहिऱ्यांच्या योजनेत एकही बहिरा नव्हता. त्यामुळं धामण शंभर टक्के बहिरी ठरली. ती बिचारी सांगत होती, की मला जमिनीतून सगळं कळतं, माझं काही अडत नाही. पण तिला हार घालून झाला होता.

सरपंच होता गवा. मोठा धिप्पाड, भाषणाला उभा राहिला की सावली पडायची. त्यानं धामणीच्या वारुळाशी पाय आपटायला आपला भाचा नेमला. भाचाही गवाच. त्यानं पहिल्याच दिवशी असा पाय आपटला की वारूळ बसलं. धामण तोंड वासून जी गेली ती दुसऱ्या डोंगरावर. भाचा मात्र नेमाला पक्का. मोकळ्या जागेत पाय आपटायचा आणि संध्याकाळी वैरणीची पेंढी घेऊन जायचा.

सगुणानं पुन्हा अर्ज केला. तिला तारीख मिळाली. तारखेला टिटवी शिपाईणीनं मोठमोठ्यानं पुकारा केला, पण केला सगुणाच्या पाठीमागून. सगुणा समोर सरपंचाकडं बघत हात जोडून बसली होती. सायाळानं लिहिलं, अर्जदार गैरहजर.

आणि त्याच बैठकीत ठराव झाला. प्रकरण पंचायतीपुढं आहे, तेव्हा निकाल लागेपर्यंत सगुणासाठी कुणी परस्पर पाय आपटू नये. उद्या निकाल उलटा लागला तर आपटलेले पाय परत कसे घ्यायचे, असं सरपंचानं सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. जो आपटेल त्याचा पाणवठा बंद.

भागाला पिल्लं होती. दुधावरची, पाणी लागणारी. ती सगुणापुढं येऊन उभी राहिली, तोंड दिसेल अशी.

"कशाला गं गेलीस मरायला तिकडं? माझे पाय काय झिजत होते?"

"तू लोळायला गेलीस की मी काय करू, भागाबाई?"

भागा पिल्लांना घेऊन गेली.

त्या दिवसापासून सगुणाचं खाणं तुटलं. एक घास घ्यायचा आणि मान वर करायची. वर बघायचं, मागं बघायचं, मग दुसरा घास. अशानं पोट भरतं का? बरगड्या वर आल्या. झोप तर नाहीच. भुकेनं मरायचं की वाघानं, एवढंच तिला ठरवायचं राहिलं होतं.

शेवटी एके सकाळी भूक अनावर झाली. कोवळी हिरवळ दिसली आणि तिनं मान खाली घातली, ती वर काढलीच नाही.

वानर खाकरला.

सगळे पळाले. भागाही पिल्लं पुढं घालून पळाली. थोडी गेली आणि थांबली. मागं बघितलं तर सगुणा खात होती आणि तिच्यामागचं गवत हलत होतं. भागानं पंचायतीला एक शिवी हासडली, ती मी इथं सांगत नाही. आणि चारी पायांनी जमीन बडवली.

सगुणानं उडी मारली. वाघाच्या पंज्यात नुसतं गवत आलं.

दुसऱ्या दिवशी पंचायत भरली. सगुणा वेळेवर पळाली ही गोष्ट सायाळानं लांबून बघितली होती. सरपंचानं तिला समोर उभं केलं आणि विचारलं, वानर खाकरला आणि तू पळालीस. याचा अर्थ तुला ऐकू येतं. नाहीतर कुणीतरी पाय आपटला. दोन्हीतलं काय ते सांग.

सगळे भागाकडं बघायला लागले. पिल्लं तिला चिकटून बसली होती. भागानं नाक फेंदारलं आणि बोलायला तोंड उघडलं.

सगुणा तिच्याआधी बोलली.

"मला ऐकू येतं, सरपंच."

"कधीपासून?"

"कालपासून."

सरपंचाचा चेहरा उजळला. तो सभेकडं वळून म्हणाला, "बघा. पंचायतीनं पाठपुरावा केला, त्याचं हे फळ." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या सगुणाच्या मागं होत्या. तिनं वळून बघितलं नाही. तिला गर्व चढला असं दोघातिघांना वाटलं.

सायाळानं प्रकरण बंद केलं. प्रकरण बंद, म्हणून मनाईही उठली. आता सगुणासाठी पाय आपटायला कुणाची ना राहिली नाही. मागचं सगळं बघून जनावरांना जरा लाज वाटत होती. मग वानर खाकरला की भागा आपटायची, भागा नसली तर भेकर आपटायचं, भेकर नसलं तर मोर दोन्ही पायांनी नाचायचा. सगुणानं मागितलं होतं ते एवढंच.

घरी जाताना भागा तिच्यापुढं येऊन उलटी उलटी चालत म्हणाली, "खोटं बोललीस ते बरं केलंस बाई. खरं बोलून तर बघितलंच होतंस."

तात्पर्य: बाळांनो, ऐकू येत नसेल तर पंचायतीला तसं कधी सांगू नये. चांगलं ऐकू येतं असं लिहून द्यावं. मग पंचायतीला बरं केल्याचं पुण्य लागतं, आणि शेजाऱ्यांना मदत करायला मोकळीक मिळते.