रुसव्यावरचं औषध

एका जंगलात, मुलांनो, मेंदू फक्त नरांनाच असतो असा समज होता. समज फार जुना होता, त्यामुळे तो तपासून पाहावा असं कुणाला वाटलं नव्हतं.

म्हणजे माद्यांना डोकं होतं. ते दुखायचंही. पण त्यावर कानाला फडकं बांधणे हा एकच इलाज होता, आणि तो कुणालाही करता येई.

नराचं तोंड वाकलं, वाचा बसली, की तो लकवा. मग अस्वलवैद्य लसणीचं तेल घेऊन धावत येत. नर बरा होत नसे, पण त्याला लकवा झाला आहे हे सगळ्यांना कळे. मादीचं तोंड वाकलं, वाचा बसली, की ती रुसली. रुसलेल्या मादीच्या जवळ जायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, अशी तिथली रीत होती. नराने एखादी भेट आणून ठेवायची आणि वाट बघायची. पुष्कळ रुसवे असे आपोआप गेले. पुष्कळ माद्याही गेल्या, पण त्या दोन गोष्टींचा संबंध कुणी लावला नाही.

त्या जंगलात एक साळू होती. साळू म्हणजे जिच्या अंगावर काटे असतात ती. हात लावू नका.

साळूची मोठी बहीण अशीच रुसून गेली होती. जाताना तिच्यासमोर मेहुण्यांनी आणलेली गाजरं तशीच पडून होती. साळूला ते काही पटलं नव्हतं. बहीण भांडायची, ओरडायची, काटे फुलवून अंगावर यायची, पण रुसायची कधीच नाही. साळूला तिची फार आठवण येई. म्हणून ती परक्या जंगलात जाऊन मेंदू शिकली. मग बाळंतपणं शिकली. मग बाळंतिणींचा मेंदू शिकली. तोवर लग्नाचं वय निघून गेलं, असं तिची मावशी म्हणे.

शिकून आल्यावर ती अस्वलवैद्यांना भेटली.

"डोक्याचा विभाग वडाखाली आहे," वैद्य म्हणाले. "बायकांचा विभाग ओढ्यापलीकडे. तुम्ही बसणार कुठं?"

"मी बायकांची डोकी तपासणार."

"असा विभाग नाही हो, साळूबाई."

"मग मी दोन्हीकडे बसते."

"दोन्हीकडे कसं बसता येईल?" वैद्यांनी बराच विचार केला. त्यांना मेंदू होता. शेवटी त्यांनी साळूला ओढ्याच्या मधोमध एक खडक दिला. साळू त्या खडकावर बसू लागली. तिच्याकडे बेडूक येत. तेही रस्ता विचारायला.

पुढे सिंहाच्या राणीला बछडे झाले. बारशाला सगळं जंगल लोटलं. साळूही कुंची घेऊन गेली.

राणीचं डोकं दोन दिवस ठणकत होतं. बाळंतिणीला वारं लागलं म्हणून तिच्या कानाला फडकं बांधलं होतं. पाळणा म्हणून झाला, नावं ठेवून झाली, सुंठवडा वाटून झाला. मग बायकांनी गलका केला.

"नाव घ्या, राणीसाहेब! नाव घेतल्याशिवाय सोडायचं नाही!" नीलगाय म्हणाली.

राणी हसली. तिने उखाण्याची सुरुवात केली, "चांदीच्या ताटात…" आणि ती थांबली. पुन्हा तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही.

"लाजल्या गं बाई!" माकडीण म्हणाली.

महाराज सिंह पुढे आले. "लाजल्या नाहीत, रुसल्या आहेत. काल मी त्यांच्या माहेरच्यांवरून जरा बोललो. चला, सगळे मागे व्हा."

सगळे मागे झाले. प्रधान कोल्हा भेट आणायला पळाला. राणी एकटीच पाळण्याजवळ राहिली. पाळण्याची दोरी तिच्या उजव्या पंजातून सुटली, ती तिला धरता येईना. तिच्या डोळ्यांत इतकी भीती होती की ती कुणालाही दिसली असती. पण रुसलेल्या मादीच्या डोळ्यांत बघायचं नाही, अशीही रीत होती.

साळूने रीत मोडली. ती राणीजवळ गेली आणि तिने कानाचं फडकं सोडलं. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती.

"राणीसाहेब, दोन्ही पंजे वर करा."

एकच वर झाला.

साळूने मान चाचपली, डोळे तपासले. रक्त अडकलं होतं, सांडलं नव्हतं. ती वळली आणि ओरडली, "महाराज, हा लकवा आहे! मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय. आत्ता औषध दिलं तर वाचतील, उशीर झाला तर नाही!"

दरबार हसला. अस्वलवैद्यही हसले. "साळूबाई, लकवा व्हायला आधी मेंदू लागतो. आणि बाईच्या दुखण्याची हकिगत नवऱ्याने सांगायची असते. महाराजांनी ती सांगितली आहे."

"त्या माझ्यावर रुसल्या आहेत," महाराज ठासून म्हणाले. आपली बायको आपल्यामुळे गप्प नाही, ही कल्पना त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

साळूने राणीकडे पाहिलं. तिला बहीण दिसली. वाद घालायला वेळ नव्हता.

"महाराज," ती म्हणाली, "रुसवा काढायचं औषध आहे माझ्याकडे."

"मग आधी का नाही सांगितलं?" महाराज म्हणाले. "द्या, द्या!"

साळूने पाला ठेचला आणि थेंब थेंब रस राणीच्या घशात उतरवला. ऊन कलायच्या आत राणीचा पंजा हलला. दिवेलागणीला शब्द फुटला.

"पाणी," राणी म्हणाली.

"उतरला!" महाराज आनंदाने ओरडले. "बघा, कसा उतरला!"

साळूला राजरुसवातज्ज्ञ ही पदवी मिळाली. ती घेताना तिचा चेहरा पडला होता. नंतर ती राणीला म्हणाली, "राणीसाहेब, तुम्ही तरी खरं सांगा दरबारात."

"सांगितलं तर उद्या तुमच्याकडे कोण येईल, साळूताई?" राणी म्हणाली. "बायकोचा जीव वाचवायला कुणी पळत नाही. रुसवा काढायला पळतात."

आणि खरंच पळू लागले. बायको जरा गप्प झाली की नर तिला पाठीवर घेऊन खडक गाठी. त्यामुळे सगळ्या वेळेत येत आणि पुष्कळ जणी वाचत. ज्या खरोखरच रुसलेल्या असत, त्यांना साळू पाण्यात पाय सोडून बसू देई आणि नवऱ्याला सांगे, "गुण येईपर्यंत पोरं तुम्ही सांभाळा." या माद्यांना फार सावकाश गुण येई.

असं सगळं छान चाललं होतं. मग एक दिवस भर दरबारात महाराज बोलता बोलता थांबले. त्यांचं तोंड वाकलं. उजवा पंजा लोंबू लागला.

"लकवा," अस्वलवैद्य म्हणाले. त्यांनी तेल काढलं.

साळू औषधाची वाटी घेऊन धावत आली. अस्वलवैद्यांनी तिला अडवलं. "हे काय? हे तर रुसव्याचं औषध! बायकांचं!"

"ते रुसव्याचं नाही. लकव्याचंच आहे. तेव्हा मी खोटं बोलले होते."

"तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

साळूने वाटी तशीच पुढे धरली.

"मला तेच दिलं होतं!" राणी किंचाळली. "मला हेच झालं होतं!"

"राणीसाहेब, आपण रुसला होतात," प्रधान अदबीने म्हणाला. "महाराज रुसले असं जंगलात झालं, तर राज्य राहील का?"

राणीने वाटी हिसकावली आणि महाराजांच्या तोंडाजवळ नेली. "घ्या हो," ती म्हणाली. "माझ्यासाठी घ्या. कुणी काही म्हणू देत."

महाराजांनी वाटीकडे पाहिलं. मग दरबाराकडे पाहिलं. सगळे नर त्यांच्याकडेच बघत होते. महाराजांचा डावा पंजा अजून चांगला चालत होता. त्यांनी त्या पंजाने वाटी उडवून दिली.

दरबाराने जयजयकार केला.

त्यानंतर महाराज कधीच बोलले नाहीत. अस्वलवैद्यांनी लकवा बरा झाल्याचं आणि महाराज चिंतनात असल्याचं जाहीर केलं. राज्यकारभार पूर्वीपेक्षा सुधारला, असं सगळे म्हणतात. राणी रोज त्यांच्या शेजारी बसते आणि बछड्यांच्या गोष्टी सांगते. मधूनच महाराज तिच्याकडे वळतात, काहीतरी सांगायला तोंड उघडतात आणि तसेच राहतात. दरबार टाळ्या वाजवतो.

तात्पर्य : बाई गप्प बसली की तिचं काहीतरी बिघडलं असं समजावं आणि तिला औषध द्यावं. पुरुष गप्प बसला की तो थोर झाला असं समजावं आणि त्याच्या पुतळ्यासाठी वर्गणी काढायला घ्यावी.