मॉनिटरला आवाज नसतो

जुन्या मॉनिटरला केबलचा सेट-टॉप बॉक्स जोडल्यापासून आमच्या घरी टीव्हीचा आवाज माझ्या तोंडातून येतो. चित्र मॉनिटरवर दिसतं, त्याबद्दल काही तक्रार नाही.

झालं असं, की आमचा टीव्ही गेला. आधी पडद्यावर उभ्या रेघा आल्या आणि मग एका संध्याकाळी तो बंद पडला तो पडलाच. विट्यात आमच्या ओळखीचे टीव्ही दुरुस्त करणारे दोघे. दोघांनीही पाठ उघडून न बघताच "नवा घ्या" म्हणून सांगितलं. नवा घ्यायला माझी ना नव्हती, पण तो येईपर्यंत आईचं काय करायचं हा प्रश्न होता. आईचे डोळे काचबिंदूनं गेलेत. दिवा लागला की विझला, एवढंच तिला कळतं. ती टीव्ही बघत नाही, ऐकते. दिवेलागणीपासून जेवणापर्यंत कॉटवर बसून ऐकते.

आमचा मुलगा तेजस नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरचा मॉनिटर माळ्यावर टाकून गेला होता. तो मी काढला, ओल्या फडक्यानं पुसला, बाजारातून एक कन्व्हर्टर आणला आणि या वायरी त्यात, त्या वायरी यात असं करत जोडणी केली. चित्र लगेच आलं. मला स्वतःचा अभिमान वाटला. या प्रकरणात अभिमान वाटण्याची ती एवढीच वेळ.

"आवाज कुठाय त्येचा?" आई म्हणाली.

मी "बघतो" म्हणायला तोंड उघडलं आणि तरण्या बाईच्या आवाजात म्हणालो, "या घराचा उंबरठा मी ओलांडणार नाही, सासूबाई. मेले तरी नाही." पाठोपाठ माझ्या तोंडातून व्हायोलिन वाजलं.

"आला बघ," आई म्हणाली. "लई ग्वाड आवाज हाय. आधीचा नुसता खरखरायचा."

माझी बायको शैलजा कणकेच्या हातांनी बाहेर आली. तिनं मॉनिटरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग पदराला हात पुसून रिमोट उचलला आणि आवाज जरा कमी केला. मी हळू रडायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मी संपत केबलवाल्याकडं गेलो. संपत चौकात एका गाळ्यात बसतो. त्यानं माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॉनिटरला आवाज नसतोय, साहेब," तो म्हणाला. "त्यात स्पीकरच नसतोय."

"ते कळलं. पण माझ्या तोंडातून का?"

"मग कुठनं येनार? बॉक्समधनं निघालेला आवाज कुठनं तरी भायेर पडायला नको? कनेक्शन कुनाच्या नावावर हाय?"

"माझ्या."

"मग बराबर हाय की."

मी म्हणालो, वेगळा स्पीकर लावतो. संपतनं मान हलवली. स्पीकर पहिल्याच दिवशी लावायचा असतो, एकदा आवाजाला माणूस सापडला की तो स्पीकरला जात नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. मग मी कनेक्शन मिसेसच्या नावावर करून देण्याची विनंती केली.

"करतो की. मृत्यूचा दाखला आना."

"कुणाचा?"

"तुमचा. वडिलांचं कनेक्शन तुमच्या नावावर केलं तवा वडिलांचा आनला हुता न्हवं? नियम त्योच हाय."

मी घरी आलो आणि मॉनिटरच्या मागे एक स्टूल ठेवलं. आईला दिसत नसलं तरी तिचा कान तिखट आहे. आवाज टीव्हीच्याच दिशेनं यायला हवा. मी कुठं आहे असं तिनं विचारलं, की शैलजा सांगायची, "कामात आहेत." ते खोटं नव्हतं.

माझं बोलण्याचं काम तसं नवीन नाही. मी इथल्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, हे दिवसभर माइकवरून सांगतो. माझा आवाज आख्खा तालुका ओळखतो. म्हणूनच पुढं जे झालं त्यानं मान खाली गेली. एका दुपारी शैलजानं आईला कावेरीच्या मालिकेचा आदल्या दिवसाचा भाग पुन्हा ऐकायला लावून दिला. मी तेव्हा स्टँडवर "विटा-आटपाडी गाडी फलाट क्रमांक..." इथवर आलो होतो. त्यापुढं कर्ण्यांतून सगळ्या स्टँडला ऐकू आलं ते असं: "दूध पिऊन घे, कावेरी. माझी शपथ आहे तुला."

आगार व्यवस्थापकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तोडकर, घरचं घरी ठेवा. तीन बायकांची आटपाडी गाडी चुकली."

"साहेब, गाडी त्यांच्यासमोरच उभी होती."

"होती. पण कावेरीनं दूध घेतलं का नाही हे कळल्याशिवाय त्या चढायला तयार नव्हत्या." साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. "घेतलं का?"

"अर्धं घेतलं, साहेब."

तेव्हापासून दुपारचा टीव्ही बंद झाला. संध्याकाळचा मात्र चुकत नव्हता. मालिकांचं एक वेळ सोसलं असतं, पण जाहिराती फार वाईट. बायकांच्या त्या चार दिवसांच्या जाहिराती, अंगावरचे केस काढायच्या मलमाच्या जाहिराती, हे सगळं मी, पन्नाशी ओलांडलेला माणूस, गोड आवाजात आणि हसत हसत म्हणत होतो. अशा वेळी मी तोंड भिंतीकडं करायचो. भिंतीपलीकडं लोहार वहिनी राहतात. त्यांनी एकदा मला दारात गाठून हळूच विचारलं, "भावजी, काल लई रडत हुता. घरात समदं ठीक हाय न्हवं?"

"ती कावेरी होती."

"हां, मग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मी मात्र चावी हातात घेऊन बराच वेळ तसाच उभा राहिलो. लाजेनं माणसाचं काय होतं ते मला त्या दिवसांत नीट कळलं. सांगली रोडच्या दुकानात जाऊन मी नव्या टीव्हीचे पैसे भरून टाकले. शुक्रवारी घरपोच करतो म्हणाले. मी वाट बघत होतो.

आता आईबद्दल सांगायला हवं. आईला टीव्हीशी बोलायची सवय आहे. बातम्या देणाऱ्या बाईला ती "जेवलीस का" म्हणून विचारते, पावसाचं सांगणाऱ्याला "काय तरी बोलू नगंस" म्हणते. कावेरीवर तिचा विशेष जीव. त्या आठवड्यात एका भागात कावेरी, म्हणजे मी, स्टुलावर बसून म्हणाली, "या घरात माझ्याशी कोणी दोन शब्द बोलत नाही."

"माज्याशी तरी कोन बोलतंय, बाई," आई म्हणाली.

एवढ्यात जाहिरात लागली. टाइल्स चिकटवायच्या मसाल्याची होती. मी तालात ती म्हणू लागलो आणि आई कावेरीशी बोलत राहिली.

"माजा भालू बघ. दिसभर साऱ्या मुलखाला गाड्या सांगतोय. मुंबईच्या, पुन्याच्या, कुटल्या कुटल्या. घरात आला की तोंडाला कुलूप. डोळं गेलं त्येचं मला काय न्हाई बाई. पर डोळं गेल्यावर मानूस आवाजावर जगतंय. ह्यो आवाजच देत न्हाई. चपला वाजल्या की कळतंय, आला. पुन्यांदा वाजल्या की कळतंय, गेला. मी काय म्हनत न्हाई त्येला. राग यील त्येला."

मी त्या वेळी म्हणत होतो की हा मसाला एकदा लावला की पिढ्यान्‌पिढ्या सुटत नाही. तोंड बंद करायचा मी प्रयत्न केला, पण जाहिरात दातांमधून बाहेर येत राहिली. शैलजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडं न बघता आत गेली आणि भांडी घासू लागली. आजवर मला परक्या आवाजांची लाज वाटत होती. त्या संध्याकाळी माझ्या स्वतःच्या आवाजाची वाटली, आणि ही आधीच्यापेक्षा पुष्कळ जास्त होती.

त्यानंतर मी आईशी बोलायचं ठरवलं. सकाळी ड्यूटीवर जाताना तिच्या कॉटपाशी थांबलो. "आई," म्हणालो. "काय रं?" ती म्हणाली. मला पुढं काही सुचेना. "जातो," म्हणालो. चपला वाजवत निघून गेलो.

गुरुवारी संध्याकाळी मी ठरल्याप्रमाणे स्टुलावर बसलो. शुक्रवारी नवा टीव्ही येणार होता, म्हणजे मॉनिटरमागं बसायचा हा माझा शेवटचा दिवस. कावेरीचा नवरा परदेशातून परत आला होता आणि दारात उभा राहून काहीतरी सांगणार होता. त्यानं "कावेरी, मी" एवढं म्हटलं आणि माझं तोंड रिकामं झालं. मॉनिटर निळा पडला. चौकात उसाच्या ट्रॅक्टरनं केबलची वायर ओढून नेली होती हे नंतर समजलं.

आई कान देऊन बसली होती.

"गेलं व्हय?" ती म्हणाली. ती तशीच, निळ्या मॉनिटरकडं चेहरा करून बसून राहिली. तिचे हात मांडीवर होते आणि ती थांबायला तयार होती.

मी तोंड उघडलं. सवयीनं निघालं ते असं: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

आईनं मान वर केली. "शैला! अगं ये की भायेर! आपला भालू टीवीवर आलाय!"

शैलजा आली. आईनं भिंतीवर मूठ आपटून लोहार वहिनींनाही बोलावून घेतलं. वहिनी आल्या, त्यांनी निळ्या मॉनिटरला आणि त्याच्या मागं स्टुलावर बसलेल्या मला नीट बघून घेतलं, आणि पदर सावरून सतरंजीवर बसल्या. आता उठून जाण्याची सोय नव्हती.

मी सांगायला लागलो. आज विटा-मायणी गाडी उशिरा आली. तिच्यात एक आजोबा पिशवीत कोंबडा घेऊन आले होते. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट पडेल. आजोबा म्हणाले, पिशवीत पालेभाजी आहे. दोघे भांडत माझ्या खिडकीशी आले, आणि माइक चालूच होता, तेव्हा पालेभाजी आरवली. सगळा स्टँड हसला.

आई हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत हसली. तिला हसताना मी किती वर्षांनी पाहत होतो ते आठवेना. मग कोंबडा संपला आणि माझ्याकडं सांगायला काही उरलं नाही, पण तिघी थांबल्या होत्या म्हणून मी पुढं बोललो.

"मग मी घरी येतो. घरात माझी आई असते. तिला दिसत नाही. मी तिच्या कॉटशेजारून तसाच आत जातो. दिवसभर बोलून घसा दुखतो असं बायकोला सांगतो. तो दुखत नाही. आईशी काय बोलायचं तेच मला कळत नाही. लहानपणी कळायचं. मला फार लाज वाटते."

लोहार वहिनी जमिनीकडं बघू लागल्या. शैलजानं डोळे पुसले. आई मात्र मॉनिटरकडं वाकली आणि कावेरीला समजावते त्याच सुरात म्हणाली, "येवढं मनाला लावून घ्यायचं नसतंय. त्येचा बाप बी तसाच हुता, मुका. पोरगं गुनाचं हाय माजं. थंडीचं माज्या पायावर गोधडी टाकून जातंय. त्येला वाटतंय मी झोपलीया."

"व्हय, गरीब हायत भावजी," वहिनी म्हणाल्या.

मला रडू आलं. ते माझंच होतं, त्यामुळं रिमोटनं कमी होण्यासारखं नव्हतं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. आईनं थोडा वेळ वाट पाहिली.

"संपलं वाटतं," ती म्हणाली. "शैला, हे रोज असतंय का आजच्यापुरतंच?"

शैलजानं माझ्याकडं पाहिलं. लोहार वहिनींनीही पाहिलं.

"रोज असतं," मी मॉनिटरमागून सांगितलं. "साडेसातला."

"साडेसातला कावेरी असती," आई म्हणाली. "तू आठला ये."