नानांची वाऱ्याची नरसाळी

गल्लीत कोणाकडेही पाहुणे गाडी घेऊन आले, की आमचे शेजारी विश्वासनाना आधी पुढच्या चाकाशी वाकत. हात जवळ नेऊन ऊब बघत आणि मगच पाहुण्यांना रामराम घालत. चाक निवालेलं असलं की म्हणत, "गार शे!" यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती. माझ्या बहिणीला बघायला आलेली मंडळीसुद्धा त्यांनी अशीच दारात तिष्ठत ठेवली होती.

नानांचं धुळ्यात कापडाचं दुकान होतं, पण जीव सगळा जुन्या फियाटमध्ये. पूर्वी एकदा घाट उतरताना तिचे ब्रेक तापून लागेनासे झाले. नाना चालत्या गाडीतून उडी मारून चाकापुढे दगड लावायला धावले. गाडी कठड्याला घासून थांबली, कोणाला खरचटलंही नाही. पण त्या दिवसापासून त्यांची बायको, आमची अक्का, त्या गाडीत बसली नाही. माहेरी जायची तीही एसटीनं. नानांनी मनाशी धरलं, ब्रेक गार करायचे आणि अक्काला पुन्हा शेजारी बसवायचं.

त्यासाठी त्यांनी तांब्यापितळेच्या भांड्यांचं सोनगीर गाठलं. तांबटानं विचारलं, "नाना, लगीन कोनं शे?"

"लगीन नही रे भो, ब्रेकले वारा पाजना शे!"

बंपरखाली दोन पितळी नरसाळी लागली. त्यांना पंपाचा जाड पाईप जोडून पार चाकाच्या आत, ब्रेकपर्यंत नेला. गाडी धावली की वारा नरसाळ्यात शिरणार आणि ब्रेकवर फुंकर घालणार. कल्पना नामी होती. पहिल्याच दिवशी नाना जिनिंग मिलवरून गेले आणि उशी भरेल एवढा कापूस पाईपांतून घेऊन आले. मग अक्काच्या पिठाच्या चाळणीची जाळी नरसाळ्यांवर चढली.

हिवाळ्यात एखाद्या रविवारी धुळे-जळगावचे जुन्या गाड्यांचे वेडे परवानगी काढून गावाबाहेरच्या ओस धावपट्टीवर जमत. धुक्यातून गाड्या सुसाट येत, पांढऱ्या फक्कीच्या रेघेशी करकचून थांबत आणि वळून पुन्हा धुक्यात विरत. स्वप्नात असल्यासारखं वाटे. अशाच एका रविवारी सगळ्यांच्या ब्रेकना जळका वास येत होता, नानांच्या नाही. त्यांनी मला गाडीत कोंबलं आणि थेट घर गाठलं.

"चाल, बस. गार शे!"

अक्का हात पुसत दारात आली. "ब्रेकना काय दोष? तुम्ही उतरी गयात, नी मी एकलीच गाडीमा."

मला नानांकडे बघवेना. बिचारा माणूस इतके दिवस भलत्याच जागी वारा घालत होता. बसल्या जागेवरून पलीकडचं दार उघडत ते म्हणाले, "आते सारी वाट मी गाडीमाच."

अक्कानं दाराला कडी घातली. पदर सावरून पुढं बसली.

आम्ही परत धावपट्टीवर गेलो, तेव्हा तिथं कोणी नव्हतं. धुकं उठलं होतं, वाळल्या गवतावर ऊन पसरलं होतं. नाना इतके सावकाश निघाले, की वाऱ्याला नरसाळ्यात शिरायची गरजच वाटू नये. अर्ध्यावर अक्काचा डोळा लागला. मान कलली ती थेट नानांच्या खांद्यावर.

धावपट्टी संपत आली. नानांनी ब्रेकला पाय लावला नाही. गाडी आपोआप मंदावत गेली आणि कधी थांबली ते कळलंही नाही.

मी हळूच दार उघडून उतरलो. नाना उतरले नाहीत.