दुदाजी तांडेल आणि नवी केबल

एका जंगलात एक खाडी होती, बाळांनो, आणि खाडीत एक जुनी शिडाची होडी. वारा पडला की होडी जागची हलत नसे. म्हणून तिला इंजिनही बसवलं होतं.

होडीचा तांडेल होता दुदाजी अस्वल. इंजिनाची केबल खाऱ्या पाण्याने गंजून इतकी घट्ट झाली होती, की सुकाणूपाशी असलेला वेगाचा लिव्हर ढकलणं कुणा ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. दुदाजी पाय रोवायचा, लिव्हरला छाती लावायचा आणि "हैय्या!" म्हणून ओरडायचा. धक्क्यावरची मंडळी टाळ्या वाजवायची. मग त्याला मधाचं पोळं मिळायचं. संध्याकाळी खांदा ठणकायचा, ते फक्त बायकोला ठाऊक.

"अहो, ती केबल बदलून घ्या की," ती शेक देताना म्हणायची.

"म्हणजे लिव्हर ससासुद्धा ढकलेल. मग मला कोण विचारणार गं?"

शेवटी तिला राहवेना. तिने केशर पाणमांजरीला सांगितलं. केशर इंजिनातली जाणकार. तिने गंजकी केबल काढून नवी टाकली.

"दुदाजीभाऊ, आता नुसत्या बोटाने ढकला हं," ती म्हणाली.

धक्क्यावर मंडळी जमलेली. पोळं आणलेलं. एवढ्या सगळ्यांदेखत बोटाने ढकलायचं? छे छे! त्याने पाय रोवले, छाती लावली. हैय्या!

होडी उधळली. दोर सोडायचा राहिलाच होता. धक्क्याचा खांब उपटून घेऊन ती समोरच्या चिखलात घुसली. होडीतली हरणी तोंडघशी पडली. साळिंदराची जांभळं खाडीत गेली.

लगेच सभा भरली.

"दोष नव्या केबलचा," कोल्हा म्हणाला. "जुनी कधी अशी उधळली होती का?"

"अहो, पण मी यांना बोटाने—" केशर म्हणाली.

सगळ्यांनी दुदाजीकडे पाहिलं. त्याला केशरची दया आली. अगदी मनापासून आली. मग त्याला पोळं दिसलं.

"जाऊ द्या हो," तो मोठ्या मनाने म्हणाला. "चुकतो एखादा जीव."

केशरनेच जुनी केबल परत बसवली. दुदाजीने पाय रोवले. टाळ्या अशा पडल्या की विचारू नका. संध्याकाळी बायकोने शेक दिला.

तात्पर्य : बाळांनो, गंज कधी काढू नये. कित्येकांचा पराक्रम त्याच्यावरच उभा असतो. आणि काढायचाच झाला, तर टाळ्या वाजवणाऱ्यांना आधी घरी पाठवावं.